दुसरी सिस्टर उभी का?

आधीच सांगते, आमच्या घरात मोहरी फक्त फोडणीला जाते, दृष्ट काढायला नाही. त्यातून मी मानसोपचारातली नर्स. नसलेले आवाज ज्यांना ऐकू येतात, त्यांच्यात माझी चोवीस वर्षं गेली... मला कोण भुताखेतांच्या गोष्टी सांगणार? तरीही हे लिहायला बसले आहे.

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही बराकपूरला राहतो. डमडमजवळच्या एका खाजगी रुग्णालयात मी नर्सिंगची प्रमुख आहे. परदेशात शिकून आमच्याकडे आलेल्या नर्सेसना तयार करणं हेही माझंच काम. अस्मिता काठमांडूला शिकलेली. हुशार, पण घाईची. जरा काही बिनसलं की हिचा हात धोक्याच्या बेलकडे. बेल वाजली की चार जण धावत येऊन रुग्णाला धरतात, आणि आधीच घाबरलेलं माणूस आणखी बिथरतं. म्हणून मी तिच्या मागे उभी राहायचे. तोंडाने काही बोलायचं नाही, फक्त तिच्या कोपरावर एक बोट दाबायचं. म्हणजे — थांब.

माझी दुसरी खोड अशी, की रुग्ण जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत नोंदवायचं. त्याला भ्रम वगैरे नावं ठेवण्याची घाई करायची नाही.

अस्मिताच्या प्रोबेशनचा तो शेवटचा आठवडा. मंगळवार होता. दुपारी एक कार्यक्रम होता म्हणून मी युनिफॉर्मऐवजी हिरव्या काठाची पांढरी साडी नेसून निघाले. डमडमच्या अलीकडे सिग्नलला लोकल जी थांबली ती हलेचना. आणि बसल्या बसल्या माझं बोट शेजारच्या बाईंच्या कोपरावर घट्ट दाबलं गेलं!

"की होलो, दीदी?" त्या दचकल्या.

मी ओशाळून सॉरी म्हटलं आणि उगाच घड्याळात पाहिलं. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

अकराला पोचले तर वॉर्डात कुजबुज चाललेली. काजलदी म्हणून पन्नाशीच्या एक शिक्षिका त्याच सकाळी दाखल झाल्या होत्या. फुटलेल्या कपाचा तुकडा मुठीत धरून त्या कोपऱ्यात बसल्या होत्या. अस्मिता तिथे एकटीच होती. तिने बेल वाजवली नाही. थोडं अंतर ठेवून ती जमिनीवर बसली आणि हळूहळू बोलत राहिली. शेवटी काजलदींनी आपणहून मूठ उघडली.

"बेल क्यों नहीं बजाई?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मॅडम, आपने ही तो रोका. कोहनी पे... आप पीछे थीं ना?"

मी तिने लिहिलेली नोंद उघडली. प्रसंगाची वेळ दहा दहा. 'रुग्ण म्हणाल्या — एक सिस्टर बसली, मग हिरव्या काठाच्या साडीतली दुसरी उभी का? तिलाही बसू दे.'

दुसऱ्या दिवशी डायरेक्टरांनी मीटिंग घेतली. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी तिला समजावलं, की बेल न वाजवणं हा तुझाच निर्णय होता असं लिही आणि रुग्णाचं ते वाक्य काढ. नाहीतर नर्सलाच भास होतात असं लोक म्हणतील, मग तुला कायम कसं करू?

नोकरी गेली तर सामान बांधून घरी परतावं लागणार, हे अस्मिताला पक्कं ठाऊक होतं.

"पेशंट के शब्द हैं, सर," ती म्हणाली. "मैं कैसे काटूँ?"

खरं सांगते, मला तिचा इतका अभिमान वाटला... तेवढा मला स्वतःचाही कधी वाटला नव्हता.

डायरेक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही होतात तिथे?"

"नाही. लोकलमध्ये होते," मी म्हटलं. "पण असते तर 'थांब' असंच सांगितलं असतं." आणि त्या नोंदीखाली सही केली. त्यांनी नोंद पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनीही केली.

अस्मिता कायम झाली. आता नव्या मुलींच्या मागे ती उभी असते, कोपरावर बोट ठेवून. बघताना ऊर भरून येतो.

तुम्ही म्हणाल, सवय मुरली होती, तिला भास झाला. साडीचं म्हणाल तर योगायोग. मीही मनाला हेच बजावत होते — काजलदींना भेटेपर्यंत. त्यांना पढवल्याचा ठपका नको म्हणून मीटिंग संपेपर्यंत मी त्यांच्या खोलीकडे फिरकलेही नव्हते. त्यांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. सही करून मी थेट तिकडे गेले, युनिफॉर्ममध्ये. मी दारात उभी राहिले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पलंगावर सरकून जागा केली.

"काल इतकं सांगितलं, तरी उभ्याच राहिलात," त्या बंगालीत म्हणाल्या. "आज तरी बोशुन, दीदी."

याचा अर्थ मला अजूनही लागलेला नाही. तेव्हाही लागला नव्हता. मी त्यांच्या शेजारी बसले.