राजीनामा झाला

बाळकृष्णराव बातम्या बघत नसत, मुलगी बघत. संध्याकाळी इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत संहिता मुंबईहून यायची, म्हणजे टीव्हीवर यायची, आणि हे खुर्ची ओढून समोर बसायचे. बायको गेल्यापासून घरात दुसरा आवाज तेवढाच. पोरगी जगाची उलथापालथ सांगायची आणि हे बघायचे, डोळ्यांखाली काळं दिसतंय का, घसा बसलाय का. जन्मभर कोर्टात बाबूगिरी केलेला माणूस, साक्षीदाराचा शब्द न् शब्द टिपायचा, पण लेकीचं एक वाक्य कानात शिरेल तर शपथ.

एकदा फोनवर तिनं विचारलं, "बाबा, आज मी काय सांगितलं?"

"निळा कुर्ता छान दिसत होता हो तुला."

"कपड्यांचं नाही विचारलं मी," ती म्हणाली आणि तिला लगेच काहीतरी काम आठवलं.

हे त्यांना लागलं. तिचे फोन आधीच कमी होत चालले होते. मग ते कोर्टात बसल्यासारखे बातम्यांपुढे बसू लागले. हे म्हणतंय कोण? स्वतः पाहिलं की ऐकीव? चित्र कुठलं, कधीचं? सगळं मोठ्यानं विचारायचे. घरात हसायला होतंच कोण! पण फोनवर बोलायला विषय मिळाला. "तुझी ती सूत्रं कोण गं? सामने तर कधी येत नाहीत," म्हटलं की ती हसायची आणि जरा जास्त वेळ बोलायची.

एका संध्याकाळी तिनं सांगितलं, महाराष्ट्रातल्या कुठल्याशा गावात जमाव उसळला. मागे पळणारी माणसं दिसत होती. पळणाऱ्यांच्या मागे सोनारांची बंद दुकानं आणि त्यांच्याच पायऱ्यांपुढे जिलबीच्या कढया. बाळकृष्णराव ताडकन उठले. बातम्या संपताच त्यांनी फोन लावला.

"अगं बेटा, वो तो अपना इंदूर का सराफा है! गल्लीत सांड घुसला होता, म्हणून पळतायत सगळे. इथे प्रत्येकाच्या मोबाइलवर आहे तो व्हिडिओ. तुमच्या लोकांनी त्यातून सांड तेवढा कापून काढला."

"नक्की, बाबा?"

"तिथे उभ्याउभ्यानं तळलेले गराडू खाण्यात जन्म गेला माझा."

"बघते," ती बारीक आवाजात म्हणाली.

त्यानंतर तिचा फोनच येईना. टीव्हीवर दिसायची, पण चेहरा आखडलेला, आणि चूक झाली असं कुणी एका शब्दानं सांगितलं नाही. आपणच नको ते बोललो, पोरगी तुटली, या विचारानं ते फोन उचलायचे आणि नंबर न लावताच ठेवायचे.

मग एका दुपारी फोन वाजला. "बाबा, चूक झाली असं चॅनलवर सांगा, म्हणून मी साहेबांच्या मागे लागले होते. ते ऐकेनात. शेवटी आज मी राजीनामा दिला."

आता इंदुरात नोकरी सोडली की इस्तीफा म्हणतात. राजीनामा असतो कोर्टातला: भांडून दमलेले दोघं जजसाहेबांपुढे येतात, आमचं जुळलं म्हणतात, आणि तंटा मिटतो. असे राजीनामे बाळकृष्णरावांच्या हातून ढिगानं गेले होते. मुंबईच्या मराठीत मुरलेल्या लेकीच्या हे लक्षातही आलं नाही.

"वा! शाब्बास बेटा!" ते म्हणाले. "जन्मभर मी लोकांना हेच सांगत आलो. राजीनामा करा आणि सुखानं झोपा."

"तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावू कशाला? पेढे वाटतो मी!"

ती रडायलाच लागली. "मला सगळ्यांत जास्त भीती तुमचीच होती, बाबा."

संध्याकाळी ते वेळेआधीच टीव्हीपुढे बसले. तिच्या जागी दुसरीच मुलगी होती. सुटी असेल. पण ऐकायची सवय लागली होती, म्हणून ऐकत राहिले. कुण्या मंत्र्यानं राजीनामा दिला होता आणि आता त्याच्या खुर्चीवर कोण बसणार, याची चर्चा होती. राजीनामा दिला, तर खुर्ची कशी रिकामी झाली? त्यांनी त्या परक्या मुलीकडे पाहिलं आणि सगळं लख्ख कळलं.

त्यांनी फोन उचलला. लागलेली नोकरी अशी सोडतात का, हे विचारायचंच होतं.

"बोला ना बाबा," ती म्हणाली. इतका मोकळा आवाज त्यांनी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. विचारायचं ते त्यांनी सोडून दिलं.

"चांगलं केलंस तू," ते म्हणाले. "फक्त एवढं सांग, आता रोज तू मला कुठे दिसणार गं?"