चामड्याचा वॉशर

विहिरीवर कविता करणाऱ्या माणसानं आयुष्यात कधी पाणी शेंदलेलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. मी शेंदलंय. तळहात सोलवटून निघेपर्यंत शेंदलंय. त्यामुळे काठावरचा पिंपळ आणि पाण्यातला चंद्र वगैरे मला कोणी ऐकवू नये.

लग्न करून मी साताऱ्याहून मद्रासला आले तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, नुकतेच निवृत्त झाले होते. शहरातलं बिऱ्हाड मोडून त्यांनी अंबत्तूरच्या पलीकडे, शेतांच्या मधोमध घर बांधलं होतं. हवा चांगली आणि स्वतःची विहीर, एवढ्यावर ते खूश. साठ सालानंतरचे ते दिवस. तिकडे कारखान्यांच्या भिंती उभ्या राहत होत्या, पण आमच्या बाजूला नळाचं नाव नव्हतं. हे संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते. सकाळी जेवणाचा डबा घेऊन जायचे ते अंधार पडता पडता परतायचे. घरात उरायचो मी, मामंजी आणि सासूबाई.

सासर तंजावरी मराठी. भाषा आपलीच, पण जुनी, आणि वाक्याच्या शेवटी तमिळ हेल. आपलं सोवळं ते त्यांच्याकडे मडी. स्वयंपाकाचं आणि देवाचं पाणी मडीनं आणायचं. म्हणजे आंघोळ करून, ओलेत्यानं, कुणालाही न शिवता विहिरीतून शेंदून आणायचं. सासूबाईंनी हे जन्मभर केलं होतं. आता त्यांचा खांदा वर होत नव्हता, आणि सून एकच होती.

लग्नाआधी मी शाळेत शिकवत होते. इथे आल्यावर दोन स्टेशनं पलीकडच्या एका शाळेत हिंदी शिकवायला बाई हव्यात असं कळलं. जाऊन भेटले. मुख्याध्यापिकाबाईंना मी पसंत पडले. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा हजर व्हा, म्हणाल्या, पण पहिल्या दिवशी आला नाहीत तर दुसरी बाई तयार आहे. मला तर त्या शाळेच्या खडूच्या वासानंच भरून आलं होतं.

आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या विहिरीनं दगा दिला. आधी पाणी मचूळ झालं, मग तळ दिसला, आणि एके दिवशी आतल्या सिमेंटच्या गोल रिंगा एका अंगाला खचल्या. घागर तिरकी होऊन आपटायची आणि चिखल घेऊन वर यायची. शेवटी ती विहीर बुजवायचं ठरलं. मडीचं पाणी आणायचं ते बांधापलीकडच्या नारळीच्या बागेतल्या विहिरीवरून. ओलं लुगडं पायात अडकायचं, वाटेत कुणी समोर आलं की बाजूला सरकायचं, आणि चुकून कुणाचा धक्का लागलाच तर घागर ओतून पुन्हा आंघोळीपासून सुरुवात. घरचं पाणी पुरं होईपर्यंत शाळेच्या वेळेची गाडी केव्हाच निघून गेलेली असे.

मी ह्यांना स्पष्ट विचारलं, माझ्या नोकरीचं काय? हे म्हणाले, बोअर मारून हातपंप बसवू. दांडा हलवला की दारात पाणी. मग तू खुशाल जा. मामंजींनीही मान डोलावली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि ती त्यांची संमती असं आम्ही धरून चाललो.

मग मेस्त्री आला, त्याची माणसं आली. पडवीसमोर लाकडी तिकाटणं उभं राहिलं. त्याला साखळी, साखळीला लोखंडी नळ, आणि नळाला आडवा दांडा लावून चार गडी घाण्याच्या बैलांसारखे गोल फिरायचे. नळ जमिनीत उतरायचा. अधूनमधून वर काढून आतला गाळ बाहेर ओतायचे. मी स्वयंपाक सोडून तो गाळ बघायला धावायची. आधी तांबडी माती, मग चिकट काळी, तिला कुबट वास. त्या काळ्या मातीनं माझा जीव खाल्ला. ती संपेचना. मेस्त्री म्हणायचा, खाली वाळू लागेल. मी मनात म्हणायची, लागू दे रे बाबा, माझी शाळा त्या वाळूखाली आहे.

वाळू लागली. पांढरी, स्वच्छ, आणि पाठोपाठ पाणी. मेस्त्रीनं ओंजळीत धरून मला चाखायला दिलं. गोड होतं. मी तिथेच रडले, आणि गडी हसले तर हसू दिलं.

दुसऱ्या दिवशी पंप बसवायचा होता. मेस्त्रीनं पायरीवर सगळे भाग मांडले आणि वाटीएवढी एक तपकिरी चकती एरंडेलात भिजत घातली. सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी तमिळमध्ये विचारलं, हे काय? तोही अभिमानानं सांगायला लागला, की हा वॉशर, पंपाच्या दट्ट्याला बसतो, ह्याच्यामुळे तर पाणी वर चढतं. अस्सल म्हशीचं चामडं आहे, वर्षानुवर्षं बघायला नको. सासूबाईंनी तांदळाचं सूप उचललं आणि आत गेल्या.

संध्याकाळी हंडे भरले, मोरीतली पिंपं भरली. घरात दिवाळीच होती म्हणा ना. मी स्वयंपाकाची कळशी लावायला गेले तेव्हा आतून सासूबाईंचा आवाज आला की ती नको, ती बागेतल्या विहिरीचीच पाहिजे. चामड्यातून आलेलं पाणी देवाला आणि चुलीवर चालायचं नाही. धुण्याला, झाडांना, आंघोळीला हवं तेवढं घ्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे डोकं खाली घालून चपलांचे अंगठे तपासत होते. मामंजींनी वर्तमानपत्र उघडलं, तेही सकाळी वाचून संपवलेलं. मी मेस्त्रीला गाठून म्हटलं, रबराचा वॉशर बसव. त्यानं लॉरीच्या ट्यूबचा कापून बसवूनही पाहिला. पंप नुसता धापा टाकायचा, पाणी थेंबभर. पुन्हा चामडंच बसलं.

मग मीच तोंड उघडलं. आमच्याकडे दर एकादशीला भजन व्हायचं, देवघराच्या दारातच मृदंग वाजायचा. मी सासूबाईंना म्हटलं, "मृदंगाला दोन्ही बाजूंनी चामडंच असतं. ते कसं चालतं तुमच्या देवाला?"

त्या जराही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मृदंग कोण पितो गे?"

हे आणि मामंजी चक्क हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. पाणी दारात ओसंडून वाहत होतं, केळी तरारल्या होत्या, आणि मी रोज पंपाला वळसा घालून रिकामी घागर घेऊन बागेकडे निघायची.

शाळा उघडायचा दिवस आला. आदल्या दिवशी मी कुणाला काही विचारलं नव्हतं. रागानं म्हणा, भीतीनं म्हणा. पण सकाळी सासूबाईच म्हणाल्या की तू जा, पाणी मी आणते. माझा कानांवर विश्वास बसेना. मी इस्त्रीचं पातळ नेसले, चहा-पोळी खाल्ली, पिशवी घेतली आणि निघाले. पाय जमिनीवर ठरत नव्हते.

स्टेशनाची वाट बागेवरून जायची. विहिरीजवळ आले तर सासूबाई ओलेत्यानं काठाशी उभ्या. घागर अर्ध्यावर आलेली आणि पुढे सरकेना. दुखरा हात खाली लोंबत होता. दुसऱ्या हातानं त्यांनी दोर पोटाशी आवळून धरला होता. बागेतल्या बायका नारळ सोलायचं सोडून बघत होत्या, आधी त्यांच्याकडे, मग माझ्या इस्त्रीच्या पातळाकडे.

मी पिशवी टाकून धावले. त्या ओरडल्या, "शिवू नको मज. तू खाऊन आलीस."

खरंच की. मी पारोशी नव्हते, पण मडीतही नव्हते. दोराला हात लावला असता तर पाणी वाया, त्यांची आंघोळ वाया, आणि सगळं पहिल्यापासून त्यांनाच करावं लागलं असतं. दोन हात सुटे असून मी त्या विहिरीच्या काठावर नुसती उभी राहिले. स्टेशनाकडून गाडीची शिट्टी आली. त्या म्हणाल्या, "जा की. गाडी जाईल."

घागर पुन्हा खाली घसरली. दोर त्यांच्या तळव्यातून सरसरत गेला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

मी घरी परत गेले. पातळ सोडलं, पंपाच्या पाण्यानं डोक्यावरून आंघोळ केली आणि ओल्या लुगड्यानं बागेत आले. गाडी गेली होती. सासूबाई काठावर बसून होत्या. त्यांनी दोर माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाल्या, "मी अडवलं नाही हं तुज."

खोटं नव्हतं ते. त्यांनी, ह्यांनी, मामंजींनी, कुणीच मला अडवलं नव्हतं. मी दोर घेतला आणि पाणी शेंदायला लागले.