तलासरीच्या खाली पोकळी आहे

माझ्या मुलीचा आवाज बातमी म्हणून मी पहिल्यांदा ऐकला तो तलासरीजवळच्या एका पाड्यावर, एका अंगणात, भर दुपारी. २०१९ चा फेब्रुवारी होता. नोव्हेंबरपासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे हादरे बसत होते. माणसे ताडपत्रीखाली झोपत होती, शाळा झाडाखाली भरत होत्या. मी तालुक्याची वार्ताहर. घरांच्या भिंतींना गेलेल्या तड्यांची माहिती घेत फिरत होते.

अंगण एका शेतकऱ्याचे होते. भात निघाला की तो बांधकामावर मजुरीला जाई. त्याची मुलगी दहावीत होती आणि बोर्डाची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. दारात कपड्यांचे बोचके बांधून ठेवलेले होते. मुलगी त्याच्याशेजारी भूगोलाचे पुस्तक उघडून बसली होती.

"कुठे निघालात?" मी विचारले.

"वापीला. हिची मावशी आहे तिथं."

"आणि परीक्षा?"

"जीव राहिला तर परीक्षा. ताई, तुमी पेपरवाल्या, तुमाला ठाऊक नाही? ऐका."

त्याने मोबाइल पुढे केला. ध्वनिफीत चौतीस सेकंदांची होती. आवाज मुलीचा, स्पष्ट, बातमीपत्र वाचल्यासारखा: "तलासरीच्या खाली पोकळी आहे. खोदणाऱ्यांना ते माहीत होते. आधी बारीक हादरे बसू लागले. बारीक हादरे मोजत जे थांबले, ते राहिले नाहीत. मोठ्या हादऱ्याआधी जे निघाले, तेच वाचले."

आवाज माझ्या मुलीचा होता. वाक्ये माझी होती.

ती फीत एका खेळाविषयी होती, म्हणून आधी खेळाविषयी सांगणे भाग आहे. २०१४ मध्ये आम्ही डहाणूत रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. नवरा सिग्नल खात्यात. मी त्याआधी नऊ वर्षे ठाण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर उपसंपादक होते. डहाणूत त्याच दैनिकाचे वार्ताहरपद मिळाले आणि बातम्या पाठवण्यासाठी घरात संगणक आला. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. माझी बातमी गेली की खुर्ची तिची.

ती खेळायची तो ठोकळ्यांचा खेळ होता. त्यात डोंगर, माती, झाडे, गुरे, सगळे चौकोनी. जिंकण्यासारखे फारसे काही नाही. खणायचे, साठवायचे, बांधायचे. खेळाला गोष्ट दिलेली नव्हती. मात्र फिरता फिरता अवशेष लागत. जंगलात अर्धी खचलेली दगडी इमारत, डोंगराच्या पोटात लाकडी टेकू दिलेली खाण, खाणीत रूळ आणि रुळांवर कोणी नाही. हे कोणी बांधले आणि ते लोक कुठे गेले, हे बनवणाऱ्यांनी सांगितलेले नव्हते. जगभरचे खेळणारे ते आपापसांत शोधत होते. कोणी रोगराई म्हणे, कोणी युद्ध. प्रत्येकाकडे नकाशे आणि पुरावे होते. "असे काहीही नाही," असे कोणी जाणकाराने सांगितले की तो लपवतोय, एवढेच सिद्ध होई. मुलीने हे मला जेवताना सांगितले तेव्हा मला हसू आले होते.

तिने त्या जगात सापडलेल्या वस्त्यांना आपल्याकडची नावे दिली. समुद्राकाठची चिखले, आतल्या रानातली रानशेत, उत्तरेला टेकड्यांच्या पायथ्याशी तलासरी. चिखल्याला सुरूची झाडे हवीत म्हणून ती कितीतरी दिवस अडून बसली. खेळात सुरू नव्हता.

२०१८ च्या मे महिन्यात, दहावीच्या आधीच्या सुट्टीत, तिला स्वतःचा पुरावा सापडला.

"आई, खाटा मोज."

"कुठल्या?"

"तलासरीतल्या. नऊ घरं, चौदा खाटा. माणसं पाच. हे गाव मी बांधलेलं नाही, मी फक्त नाव दिलंय. मग जास्तीच्या खाटा कोणाच्या?"

"पाहुण्यांच्या," नवरा ताटावरची मान वर न करता म्हणाला.

"बाबा, तिथे पाहुणे येत नाहीत."

"मग सुखी आहेत बिचारे."

गावाच्या बरोबर खाली तिला खाण लागली होती. त्यावरून तिने तर्क मांडला. लोक खोदत खोदत आपल्याच घरांखाली आले, जमीन पोकळ झाली, हलू लागली. काही निघून गेले, बाकीचे गेले ते कायमचे. खाटा राहिल्या. मराठीत असले कोणी करत नाही, म्हणून तिला त्याचा व्हिडिओ करायचा होता. तिने वहीत दोन पाने लिहून काढली आणि वाचायला माझ्याकडे दिली.

मी वाचली नाहीत, तपासली. डेस्कवर नऊ वर्षे काढलेल्या माणसाला त्या दोन्हींतला फरक उरत नाही. पहिले वाक्य होते: "मला वाटतं, तलासरीच्या खाली कदाचित पोकळी असावी." मी लाल पेन उचलले.

"तुझी खात्री आहे की नाही?"

"आहे. म्हणजे, थिअरी आहे."

"खात्री असेल तर 'आहे' लिही. नसेल तर लिहूच नकोस. ऐकणाऱ्याला तुझी धाकधूक नको असते."

"पण थिअरीत तसंच म्हणतात आई. सगळेच म्हणतात."

"सगळेच गचाळ लिहितात."

"बरं, लाल पेनवाल्या बाई," ती म्हणाली आणि वही माझ्या हातात ठेवून पंख्याखाली आडवी झाली.

मी चार 'कदाचित', तीन 'बहुतेक' आणि पाच 'मला वाटतं' खोडले. 'असतील'चे 'होते' केले. लांब वाक्ये तोडली. मजकूर निम्म्यावर आला आणि उभा राहिला. सुरुवातीला हे एका खेळातले आहे असे एक वाक्य होते, ते ठेवले. तिने ते बातमीपत्राच्या सुरात वाचले, कारण मी फोनवर डेस्कला बातमी सांगायचे तो सूर तिने घरात रोज ऐकला होता. व्हिडिओ तिच्या वर्गातल्या मुलींनी पाहिला, आणखी काहींनी पाहिला. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि विषय संपला.

नोव्हेंबरमध्ये जमीन हलू लागली. आमच्यापैकी कोणालाही तो व्हिडिओ आठवला नाही.

फेब्रुवारीत, त्या अंगणात, फीत संपल्यावर मी म्हणाले, "ही अफवा आहे."

"आवाज कोणाचा?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

त्याची मुलगी पुस्तकातून मान वर काढून पहिल्यांदाच बोलली. "ताई, अफवा असेल तर पेपरात द्या ना. बाबा पेपरातलं मानतात."

त्याने मोबाइल खिशात घातला. मग म्हणाला, "बघतो. रविवारपर्यंत बघतो."

घरी मी फीत मुलीला ऐकवली. सराव परीक्षेचे पेपर समोर पसरून ती जमिनीवर बसली होती.

"हे माझं आहे," ती म्हणाली. "पुढचं कापलंय. खेळातलं आहे असं मी सांगितलं होतं, ते कापलंय." तिने पुन्हा ऐकली. "आई, यात 'कदाचित' असतं तर?"

मी मोबाइल तिच्या हातातून घेतला.

"माझं नाव दे पेपरात. दे की, मुलीने गेमवर बनवलेलं आहे म्हणून."

तिचे नाव देणे बरोबर होते, आणि ते मला कळत होते. पण त्याच सकाळी अफवा पसरवणाऱ्यांवर कारवाई होईल असे सरकारी कचेरीतून सांगण्यात आले होते. ती बातमी मीच पाठवली होती. तिची दहावी तीन आठवड्यांवर होती. मी संगणकावर बसले आणि लिहिले: "अज्ञात मुलीच्या आवाजातील ही ध्वनिफीत निराधार असून..." पुढे तहसील कार्यालयाचा खुलासा जोडला. मजकूर दोन परिच्छेदांचा झाला. बातमी शनिवारी आतल्या पानावर छापून आली. फीत कोणी कापली, कोणी पसरवली, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. माझ्या बातमीतला 'अज्ञात' हा शब्द त्या कापणाऱ्यापुरता खरा होता, अशी मी त्या आठवड्यात स्वतःची समजूत घातली.

रविवारी तो निघाला नाही. बुधवारी दुपारी मोठा हादरा बसला. त्याच्या घराची मागची भिंत बाहेरच्या बाजूला पडली. आत कोणी नव्हते. गुरुवारी त्याच्या मुलीने शाळेतल्या बाईंच्या मोबाइलवरून मला फोन केला. "बाबा उद्या नेतायत. तुम्ही येऊन सांगाल का?"

माझ्या मुलीने फोनवरचे ऐकले. ती चप्पल घालून दारात उभी राहिली. "मी येते. तू सांगून नाही पटणार."

आम्ही एसटीने गेलो. अंगणात खाटा बाहेर काढलेल्या होत्या. त्यांतल्या एकीवर त्याचे वडील बसले होते. शेजारच्या बायका जमल्या. मी सांगितले की फितीतला आवाज हिचा आहे, ते एका खेळाविषयी आहे आणि त्यातली भाषा मी दुरुस्त केलेली आहे. माझ्या मुलीने ती वाक्ये तिथे उभ्याने, पाठ असल्यासारखी म्हणून दाखवली. त्याने मोबाइल तिच्याशेजारी धरून फीत लावली. दोन्ही आवाज एकाच वेळी आले.

"अगो, हीच ती," एक म्हातारी म्हणाली.

तो चिडला नाही. त्याने विचारले, "मग पेपरात अज्ञात का लिवलं?"

"हिला त्रास होऊ नये म्हणून."

"म्हणजे खोटं लिवलं."

"त्या एका शब्दापुरतं."

"मग बाकीचं खरं कशावरनं?"

माझ्या मुलीने मोबाइलवर मूळ व्हिडिओ उघडला. ठोकळ्यांची घरे, ठोकळ्यांच्या खाटा. "काका, बघा ना. हा मेमधला आहे. तेव्हा हादरे नव्हतेच. मग ते हादऱ्यांबद्दल कसं असेल?"

त्याने तारीख पाहिली. मग मोबाइल वडिलांना दाखवला, जरी त्यांना वाचता येत नव्हते.

"मेमधला," तो म्हणाला. "हादरे तर दिवाळीनंतर चालू झाले. सहा महिने आधी हिला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी खाटा मोजल्या."

ती हे बोलली तेव्हा मला ते त्याच्या कानांनी ऐकू आले. मुलगी वार्ताहराची. आई रोज सरकारी कचेरीत जाणारी. आवाज लपवला, मग कबूल केला. तारीख आधीची. त्या खेळातल्या कुठल्याही तर्कापेक्षा त्याचा तर्क अधिक नीट बांधलेला होता आणि त्यातला प्रत्येक पुरावा मी पुरवला होता. तो खोडून काढण्यासाठी माझ्याकडे फक्त माझा शब्द होता.

"घर सोडा, पण हिला परीक्षेपुरती शाळेत ठेवा," मी म्हणाले. "पेपर झाले की न्या. हवं तर माझ्याकडे ठेवा. आमचं क्वार्टर पक्कं आहे."

"ताई, तुमच्या पोरीला काही होऊ नये म्हणून तुमी पेपरात खोटं लिवलं," तो म्हणाला. आवाज शांत होता. "मी माझ्या पोरीला वापीला नेतो. तुमाला कोणी काय बोललं का?"

त्याच्या मुलीने बोचके उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. माझ्या मुलीजवळ जाऊन तिने विचारले, "पहिला मराठीचाच ना?"

"हो."

"निबंध कशावर येईल?"

"माहीत नाही. कदाचित आत्मकथन येईल. नाहीतर प्रसंग."

"आत्मकथन माझं झालंय," ती म्हणाली.

पहिल्या पेपरच्या दिवशी मी पाड्यावरच्या त्या मुलीच्या केंद्रावर गेले. दरवर्षी त्या दिवशी परीक्षार्थींचे छायाचित्र पाठवावे लागते. आत पर्यवेक्षकांना विचारले. बाकावर तिचा क्रमांक खडूने लिहिलेला होता, बाक रिकामा होता. पुढच्या पेपरांनाही ती आली नाही. त्याच आठवड्यात मी डेस्कला खुलासा पाठवला: ध्वनिफितीतील आवाज प्रस्तुत वार्ताहराच्या मुलीचा होता, ही बाब वृत्तात दडवली गेली. फोन आला, विषय शिळा झालाय, आता कोण वाचणार. खुलासा छापला गेला नाही. माझी मुलगी डहाणूतून दहावी उत्तीर्ण झाली. तो व्हिडिओ तिने काढून टाकला. नंतर काढून टाकल्याचीही चर्चा झाली.

जूनमध्ये, तिने जुलैच्या पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरला का हे विचारायला मी पाड्यावर गेले. पडलेल्या भिंतीच्या जागी ताडपत्री होती. अंगणात फक्त त्याचे वडील होते.

"ती तिकडं वापीला जाते कामाला," ते म्हणाले. "खोकी भरायला. मावशी जाते तिथंच."

"आणि शाळा?"

त्यांनी ताडपत्रीकडे पाहिले. "येल. पाऊस सरला का येल."

निघताना मी वही काढली. अंगणात तीन खाटा होत्या, दोन भिंतीला उभ्या केलेल्या. मी लिहिले: तीन खाटा, माणूस एक. बाकीचे कशामुळे गेले, ही त्याखालची ओळ मी बराच वेळ मोकळी धरून उभी राहिले. मग रस्त्यावर बस आली.