अर्ध्या शब्दाचे प्रश्न

एम.एड.च्या वर्षी माझ्या लघुप्रबंधाचा विषय होता, माध्यमिक शाळेत इंग्रजीच्या तासाला शिक्षक विचारतात ते प्रश्न. विषय मी निवडला नव्हता. मार्गदर्शक सरांच्या टेबलावर एक यादी होती, तिच्यात कोणी न घेतलेला हाच उरला होता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सर म्हणतील त्याला हो म्हणायचं, एवढंच मला संशोधनाबद्दल ठाऊक होतं.

शाळा शहरातल्या द्वारका चौकापासून चालत दहा मिनिटांवर होती. मी गावाहून एसटीने यायचे, ओढणीने घाम पुसायचे आणि नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे. पुढ्यात निरीक्षणाचा तक्ता आणि हातात भावाचं घड्याळ, कारण त्याला सेकंदकाटा होता. तक्त्यात चार रकाने होते: स्मरण, आकलन, उपयोजन आणि विचारप्रवर्तक. शिक्षकाने प्रश्न विचारला की योग्य रकान्यात एक रेघ मारायची. प्रश्नानंतर मुलांना किती सेकंद दिले तेही लिहायचं.

मॅडम माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्या शिक्षणसेवक होत्या. म्हणजे तीन वर्षं ठरलेल्या मानधनावर शिकवायचं आणि काम समाधानकारक असल्याचा अहवाल गेला तरच कायम व्हायचं. त्यांचं तिसरं वर्ष चालू होतं. हे मला पहिल्याच दिवशी त्यांनीच सांगितलं, सहज, खडू निवडता निवडता. "बस हं कुठंही. माझी परीक्षा तशीही चालूच आहे, त्यात तू एक."

पहिल्याच तासाला माझा तक्ता अडला.

धडा एका शेतकऱ्याचा आणि त्याच्या हट्टी बैलाचा होता. मॅडम वाचत होत्या आणि मध्येच थांबत होत्या.

"फार्मर म्हणजे शेत...?"

"करी," सगळा वर्ग म्हणाला.

"रिव्हर म्हणजे न...?"

"दी."

"ऑब्स्टिनेट बुलॉक. ऑब्स्टिनेट म्हणजे ह...?"

"हट्टी," वर्ग म्हणाला, आणि मधल्या रांगेतून एक आवाज आला, "हलवाई."

"कोण रे तो? डबा खाल्ला नाहीस का अजून?"

"खाल्ला मॅडम. घरची भेंडी होती."

"मग बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. वर्ग हसला, त्याही हसल्या आणि तशाच पुढे गेल्या. "द बुलॉक वॉज अफ्रे...?"

"ड."

मी पेन धरून बसले. हा प्रश्न कुठल्या रकान्यात घालायचा? अर्धा शब्द शिक्षकाचा, अर्धा मुलांचा. मला रकाना सापडेना, म्हणून मी समासात एक ठिपका दिला. तास संपला तेव्हा तक्त्यात थोड्याच रेघा होत्या आणि समास ठिपक्यांनी भरला होता.

त्या आठवड्यात गंगापूर रोडवरच्या कॉलेजात मी सरांना विचारलं. सरांनी चष्मा वर केला. "बी.एड.ला काय शिकलात? अर्धवट वाक्य पुरं करून घेणं हा प्रश्नच नव्हे. तो दोष आहे. मोजू नका."

मी मान हलवली. पण पुढच्या दोन्ही तासांना ठिपके देत राहिले. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. खिडकीकडच्या रांगेत पाच-सहा मुली बसायच्या, शहराभोवतीच्या मळ्यांतून येणाऱ्या. उभं करून विचारलं की त्या बाकाच्या कडेशी चाळा करत गप्प राहायच्या. पण मॅडमनी अर्धा शब्द टाकला की त्यांचे आवाज त्या घोळक्यात यायचे, स्पष्ट, कधी इतरांच्या आधी. मला ते ऐकताना माझी आठवी आठवायची. आमच्या गावच्या शाळेतही सर असेच शब्द तोडून द्यायचे. चुकलं तर कोण चुकलं ते कळायचं नाही. मी इंग्रजीचा पहिला शब्द मोठ्याने बोलले तो अशाच गलक्यात, आणि तो बरोबर आला आहे हे फक्त मलाच माहीत होतं.

तिसऱ्या तासानंतर मुख्याध्यापकांनी बोलावलं.

"बसा. चहा घ्या. काय संशोधन चाललंय, बघू तरी."

मी तक्ते पुढे केले. नाही म्हणता येतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आमच्या घरी शाळेचे मुख्याध्यापक आले तर आई पदर सावरून चुलीपाशी जायची आणि वडील खाटेवरून उठायचे. त्या घरातली मी, खुर्चीत बसून सरांना कागद देत नाही म्हणणार होते थोडीच.

त्यांनी बोट फिरवत वाचलं. चौथ्या रकान्यावर बोट थांबलं.

"विचारप्रवर्तक. म्हणजे मुलांना विचार करायला लावणारे?"

"हो सर."

"तीन तास बसलात तुम्ही. तीन तासांत असे प्रश्न किती? शू...?"

"न्य," मी म्हणाले.

माझ्या तोंडून ते आपोआप गेलं. त्यांच्याही ते लक्षात आलं नसावं. तेही आधी वर्गातच शिकवत होते.

"आणि हे ठिपके कसले?"

या प्रश्नाला मला वेळ मिळाला होता. ते थांबले होते, चहाचा घोट घेत होते. मी सांगू शकले असते, खिडकीकडची रांग याच ठिपक्यांवर बोलते. पण माझ्या डोक्यात मार्गदर्शक सरांचं वाक्य तयार होतं आणि तेच बाहेर आलं.

"ते प्रश्न नाहीत सर."

त्यांनी बेल वाजवली. शिपाईमामांना कागद दिले. "कोपऱ्यावरून एक-एक झेरॉक्स आणा." मी माझे कागद दारातून जाताना पाहिले. तेव्हाही मला एवढंच वाटलं की मूळ प्रत परत मिळायला हवी.

चार दिवसांनी शिक्षक खोलीत मॅडम एकट्या वह्या तपासत होत्या. मी आत गेले तशी त्यांनी समोरची खुर्ची दाखवली.

"तुझा कागद माझ्या फायलीला लागलाय. अहवाल जायचाय ना माझा. सरांनी दाखवला. तू दिलास?"

"सरांनी मागितला."

"मागितला म्हणून दिलास."

त्यांनी तपासून झालेली वही बाजूला ठेवली, दुसरी घेतली.

"चुकीचं काही लिहिलं नाहीयेस तू. मी विचारत नाही तसले प्रश्न. पस्तीस मिनिटं, साठ मुलं, आणि त्यातल्या निम्म्यांना वाक्य वाचताही येत नाही. मी म्हटलं, आधी तोंड तर उघडू देत."

"मॅडम, ते ठिपके..."

"ठिपक्यांना रकाना आहे का तुझ्या तक्त्यात?"

"नाही."

"मग झालं."

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

घरी आईला सांगितलं. ती बाजारात न्यायच्या शेवंतीतली सुकलेली फुलं वेगळी काढत होती. "मोठ्या सायबानं मागितल्यावर नाय कसं म्हनशील? त्यात तुजं काय चुकलं?" आईने माझी बाजू घेतली, आणि तिने ती घेतल्यावर मला ती आणखीच लंगडी वाटली. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "तिची नोकरी जाईल का गं?" मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांकडे गेले. रस्ताभर वाक्यं जुळवली होती, आत गेल्यावर त्यातली अर्धी राहिली. "सर, ते ठिपके प्रश्नच आहेत. मी त्या दिवशी चुकीचं सांगितलं. आणि तो तक्ता संशोधनासाठी केलाय, त्यावरून मॅडमचं काम ठरवायला केलेला नाही."

"असं म्हणता," ते म्हणाले. रागावले नाहीत. "मग लेखी द्या."

मी तिथेच स्टुलावर बसून अर्धं पान लिहिलं. अर्ज लिहायची सवय होती, हे त्याहून अवघड गेलं. कारण अर्जात आपण काहीतरी मागतो, आणि इथे आपण काय केलं ते लिहायचं होतं. त्यांनी तो कागद पेपरवेटखाली ठेवला. फायलीला लागला का, ते मला कधीच कळलं नाही.

माझा चौथा तास अजून राहिला होता. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ये की. मोजायचंच आहे तर पुरं मोज."

त्या दिवशी बैलाच्या धड्याची उजळणी होती. मॅडमच्या हातात एक कागद होता आणि त्यावर प्रश्न लिहून आणलेले होते.

"व्हाय डिड द बुलॉक स्टॉप ॲट द रिव्हर?" त्यांनी विचारलं. आणि त्या थांबल्या. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत थांबल्या.

मीही सेकंद मोजले. असाच प्रश्न हवा होता, एवढाच वेळ द्यायला हवा होता, पुस्तकात लिहिलं होतं तसं. वर्ग गप्प झाला. खिडकीकडच्या रांगेतल्या माना खाली गेल्या. त्यातल्या एकीच्या घरी बैलजोडी होती, मॅडमनीच मला मागे सांगितलं होतं. बैल पाण्याच्या काठाशी का थबकतो हे त्या अख्ख्या वर्गात तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? पण ते पुऱ्या इंग्रजी वाक्यात, एकटीने, उभं राहून सांगायचं होतं. पहिल्या बाकावरच्या दोन मुलांनी हात वर केले. उत्तर बरोबर आलं.

"गुड," मॅडम म्हणाल्या आणि पुढचा प्रश्न विचारला. त्याला तेच दोन हात. त्याच्या पुढच्यालाही.

मधल्या रांगेतला तो भेंडीवाला मुलगा एकदा हळूच म्हणाला, "मॅडम, अर्धं तुम्ही सांगा ना." मॅडमनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि कागदाकडे पाहिलं.

मी चौथ्या रकान्यात रेघा मारत होते. समासात एकही ठिपका द्यावा लागला नाही. घंटा झाल्यावर मॅडम वह्यांचा गठ्ठा उचलून माझ्या बाकापाशी थांबल्या.

"भरला का?"

"हो मॅडम."

"सरांना दाखव."

या वेळी सरांनी मागितला नव्हता, तरी मी तो तक्ता घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. एवढं तरी मला करता येत होतं. त्यांनी त्याचीही झेरॉक्स काढून घेतली.

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आधी मॅडमना कायम केल्याचं संस्थेचं पत्र आलं. माझ्या अर्ध्या पानामुळे, त्या चौथ्या तासामुळे, की तसंही आलंच असतं, मी विचारलं नाही. लघुप्रबंधात चारही तासांचा तक्ता गेला. चौथ्या तासाला विचारप्रवर्तक प्रश्न वाढलेले दिसतात. तक्त्याखाली मी एक वाक्य लिहिलं होतं: निरीक्षणामुळे शिक्षिकेने प्रश्न बदलले आणि बोलणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या कमी झाली. मार्गदर्शक सरांनी त्यावर पेन्सिलीने रेघ मारली. "असं लिहिलंत तर तुमच्याच निष्कर्षावर बोट ठेवतील." तरी मी ते वाक्य तसंच ठेवून टाईप करून घेतलं. मौखिक परीक्षेत कोणी विचारलं नाही. तिथवर बहुधा कोणी वाचलंच नाही.

जूनमध्ये लघुप्रबंधाची एक प्रत द्यायला मी शाळेत गेले. मॅडम तासावर होत्या. मी वर्गाच्या बाहेर, दाराच्या अलीकडे उभी राहिले. आता त्या कायम होत्या, आता त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर कोणी बसलेलं नव्हतं. आतून त्यांचा आवाज आला. त्यांनी एक प्रश्न विचारला, पुऱ्या वाक्यात, आणि थांबल्या. मी वाट पाहत राहिले. बराच वेळ आतून काहीच ऐकू आलं नाही.

प्रत मी शिपाईमामांकडे दिली.