एका नंबरावरची सात मुले

“मॅडम, यादीत माह्या पोरीचं नाव कावून न्हाई?”

आष्टीजवळच्या एका हंगामी वसतिगृहाच्या दारात सुरेखाताई मला विचारत होत्या. आईवडील ऊसतोडीला गेले की त्यांची मुले हंगामभर अशा वसतिगृहात राहतात आणि त्यांची शाळा सुटत नाही. दीपाली पाचवीत होती. नाव नसेल तर तिला आईबरोबर उसाच्या फडावर जावे लागणार होते. ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता.

“मुकादमानंच खोडलं आसंल,” सुरेखाताई म्हणाल्या.

मुकादम म्हणजे टोळी जमवून कारखान्यावर नेणारा माणूस. तो शेजारीच उभा होता. “म्या कशाला खोडू वो? माह्या भाच्याचं तेवढं नाव आलं, मंग समदे माह्यावरच! सातबी पोरं म्या सोता माह्याच मोबाइलवर भरली, भाच्याला शेवटाला. दर टायमाला ‘नोंदणी झाली’ आसंच आलं.”

नोंदणीची ही वेबसाइट आमच्या बीडच्या छोट्या कंपनीने बनवली होती. तिची तपासणी माझ्याकडे होती. तक्रार आल्यावर सरांनी मलाच पाठवले होते.

मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केले आणि Python स्वतः शिकले. आधी आमच्याकडे वेबसाइट हाताने तपासत. माणूस फॉर्म भरी, बटण दाबी, काय होते ते पाही. मी हे काम प्रोग्रॅमकडे दिले. प्रोग्रॅम स्वतः ब्राउझर उघडतो, फॉर्म भरतो आणि अपेक्षित उत्तर आले का ते ताडून पाहतो. आले तर टेस्ट हिरवी, नाही तर लाल. यालाच automated testing म्हणतात. कंपनीतला हा पहिलाच प्रयोग होता आणि तो यशस्वी करून दाखवायची मला घाई होती.

वसतिगृहाच्या ओट्यावर मी लॅपटॉप उघडला. कारण शोधावे लागले नाही, फक्त आठवावे लागले.

माझ्या चाळीस टेस्टपैकी एक अशी होती: दोन मुलांची नोंदणी करा, यादीत दोन नावे आली का पाहा. सुरुवातीला ती लाल आली होती. यादीत एकच नाव होते. मी दोन्ही मुलांना एकच मोबाइल नंबर दिला होता आणि वेबसाइट नंबरावरून मूल ओळखत होती. दुसरे नाव पहिल्याच्या जागी लिहिले जाई, पहिले पुसले जाई. हे मला त्या दिवशीच दिसले होते. पण मी दोष वेबसाइटला न देता माझ्या टेस्टला दिला. दोन घरांचा नंबर एक कसा असेल? मी प्रत्येक मुलासाठी नवा नंबर तयार करणाऱ्या चार ओळी लिहिल्या. टेस्ट हिरवी झाली.

“चाळीसच्या चाळीस?” सर म्हणाले होते. “पुढच्या प्रोजेक्टची टेस्टिंग लीड तूच.”

टोळीचा नंबर म्हणजे मुकादमाचा नंबर, हे या जिल्ह्यात कोणीही सांगेल. माझ्या स्वतःच्या दहावीच्या फॉर्मवर शेजारच्या दुकानदारकाकांचा नंबर होता.

मी ऑफिसला फोन केला. वीस मिनिटांत वेबसाइट दुरुस्त झाली. पुसलेली सहा नावे मुकादमाने तोंडी सांगितली. मी ती वसतिगृहाच्या अधीक्षकांपुढे ठेवली.

“बाई, तुमचं दुरुस्त झालं, पण माझे पलंग भरले,” ते म्हणाले. “दाटीवाटी करून चौघं घेतो. लहान वर्गातली आधी.”

पाचवीतली दोन मुले उरली. त्यांत दीपाली होती.

सुरेखाताई वाद घालत बसल्या नाहीत. “ऱ्हाऊ द्या. बारक्याला सांभाळायला फडावर कुणी तरी लागतंच,” त्या म्हणाल्या.

“ताई, मुकादमांनी काही केलेले नाही. नाव माझ्या चुकीने गेले.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. “तुमी कशाला खोडताल, मॅडम? तुमी तर आमाला वळखतबी न्हाईत.”

त्या चार ओळी मी काढून टाकल्या आहेत. आता ती टेस्ट सात मुले एकाच नंबरावर भरते आणि रोज हिरवी येते. नव्याने शिकणाऱ्यांना मी एवढेच सांगते: टेस्ट लाल आली की ती हिरवी करण्याआधी, तो फॉर्म कोणाच्या मोबाइलवरून भरला जाणार आहे ते विचारा. दीपालीची पाचवी मात्र त्या हंगामात फडावरच राहिली.