तणसीच्या ढिगातले दोन हेर

एका हेरगिरीच्या गेमचा रिव्ह्यू करायला मी बसलो, आणि पुढच्या रविवारी अर्जुनी मोरगावात मला तणसीच्या ढिगातून पाय धरून बाहेर ओढण्यात आलं.

आता मधलं सांगतो.

गोंदियाला लागून कुडवा आहे, तिथं माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे फुटके स्क्रीन बदलायचे आणि संध्याकाळी घरी येऊन व्हिडिओ गेम खेळायचे. खेळता खेळता बोलायचं, ते रेकॉर्ड करायचं आणि आपल्या चॅनलवर टाकायचं. गेम चांगला की भिकार, पैसे टाकावे की नाही, हे मी आपल्या बोलीत सांगतो. लोक बघतात. (नातेवाईक बघत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच आहे की 'पोट्ट्याले मिशा फुटून जमाना झाला, तरी खेळूनच राहिलं.') ह्या एका कारणानं माझी आलेली स्थळं परत गेली होती. आता अर्जुनीचं स्थळ आलं होतं. मुलगी वैशाली, तिथल्या एका शाळेत गणित शिकवते. मुलगी पाहायचा रविवारही ठरला होता. मला ती फोटोतच आवडली होती, खोटं कशाला बोलू! हे स्थळ गेलं तर मग आपण आणि आपले फुटके स्क्रीन, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

अशात हा गेम आला. त्यात आपण काळ्या कपड्यातला हेर. अंधारात लपत लपत शत्रूच्या बंगल्यात शिरायचं, कागद पळवायचे, कोणाला दिसायचं नाही. एकट्यानं खेळता येतं, दोन हेरांनी मिळून खेळता येतं, आणि एक हेर विरुद्ध एक पहारेकरी अशी लढतही होते. म्हणजे रिव्ह्यूला दुसरा माणूस हवाच. माझा नेहमीचा जोडीदार नोकरीसाठी तिरोड्याला गेलेला. धान निघायचे दिवस, त्यामुळे बाबा गावी शेतावर. घरात उरली आई.

"आई, बस इथं. हे बटण दाबलं की चालायचं."

"कुठी चालाचं?"

"त्या बंगल्यात. चोरून."

"कोनाचा हाय बंगला?"

"कोणाचाच नाही. खोटा आहे."

"खोटा हाय तं एवढे लाईट कायले जाळून राहिले?"

आणि आईनं लाईट विझवायला सुरुवात केली. व्हरांड्यातला, जिन्यातला, संडासातला! ह्या गेममध्ये अंधार केला की हेर दिसत नाही, हे भल्याभल्यांना उशिरा कळतं. आईला काहीच कळलं नव्हतं. तिला फक्त बिल दिसत होतं. मी एका पहारेकऱ्याला मागून गळा आवळून बेशुद्ध केलं आणि पुढं निघालो, तर आई ओरडली, "त्याले असा रस्त्यात टाकून काय जाऊन राहिला? येता-जाता कोनाचा पाय पडन!" तिनं त्याला ओढत नेऊन कोठीत नीट झोपवलं, दार लोटलं आणि दाराबाहेरचाही लाईट बंद केला. आम्ही कागद घेऊन बाहेर पडलो तेव्हा बंगला इतका आवरलेला होता की शत्रूनं आभार मानायला हवे होते.

गेममधले पहारेकरी मात्र बिनडोक. सोबतचा माणूस गायब झाला तरी इकडे-तिकडे बघून 'वारा असेल' म्हणतात आणि परत जागेवर!

"ह्याले पगार कोन देते?" आईनं विचारलं. मी रिव्ह्यूत एक गुण कापला.

मग लढत. मी हेर, आई पहारेकरी. कागद तिजोरीत. पहारेकऱ्यानं बॅटरी घेऊन बंगलाभर गस्त घालायची असते. आई तिजोरीसमोर जाऊन उभी राहिली ती हललीच नाही.

"आई, फिरावं लागतं."

"कायले? वस्तू इथी हाय. मी काऊन फिरू?"

मी खिडकीतून गेलो, सापडलो. नळावरून गेलो, सापडलो. शेवटी छतातून उतरलो, तर खाली बॅटरी माझ्याच तोंडावर!

"मी वरून येणार हे तुला कसं कळलं?"

"लहानपनी लाडवाचा डबा बी तू वरूनच काढे."

रिव्ह्यूत मी सांगून टाकलं की गेम झकास आहे, दोघांनी मिळून खेळायला तर फारच मजा येते, पण लढतीत स्वतःच्या आईला घेऊ नये. इथवर सगळं ठीक होतं. पण आईच्या अंगात तो हेर शिरला तो काही बाहेर निघेना.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. सोयरीक जुळायच्या आधी मुलीकडचे मुलाची चौकशी करतात, पण उघड नाही. त्यांचा कोणी लांबचा पाहुणा मुलाच्या मोहल्ल्यात येतो, पानठेल्यावर थांबतो, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला सांगतो आणि सहज म्हणून विचारतो, "तो मोबाइलवाला पोट्टा कसा हाय जी?" पानठेलेवाल्यालाही माहीत असतं हा कोण ते, पण तोही सहजच सांगतो. पितो का, माय भांडकुदळ आहे का, सगळं तिथं कळतं. आई रोज दूध आणायच्या निमित्तानं पानठेल्यावर जाऊन विचारायची, "आला का कोनी?"

"नाही जी काकू."

रोज नाही! आईला संशय यायला लागला.

"माह्या पोराची चौकशी बी नाही? समजून काय राहिले ते?"

"आई, विश्वास असेल त्यांचा."

"विश्वास? सोयरिकीत?" आईनं कपाळाला आठ्या घातल्या. "त्यायच्याच घरी काही झाकाचं असन. म्हनून चूप हायेत. दाल में कुछ काला हाय, बावा."

खरं सांगू? माझ्याही डोक्यात किडा वळवळत होता. एवढी शिकलेली मुलगी माझ्यासारख्याला काहीएक न विचारता पाहायला कशी तयार होते? माझा तिच्यावर संशय नव्हता, माझा माझ्यावर होता. त्यामुळे आई जेव्हा म्हणाली की आपणच जाऊन चौकशी करू, तेव्हा मी फार ओरडलो नाही.

"मावशीला पाठव," एवढं म्हणालो.

"तुह्या मावशीले? गाडी सुटाच्या आधी बातमी अर्जुनीले पोचन! आपन दोघंच जाऊ. त्या बंगल्यात गेलो तसं."

खुद्द नवरामुलगा चौकशीला जात नाही, आणि आईला सोबत घेऊन तर नाहीच नाही. सात पिढ्यांत आमच्याकडं हे कोणी केलं नव्हतं. आम्ही केलं. मुलगी पाहायच्या आठ दिवस आधी, रविवारी सकाळच्या गाडीनं निघालो. आईनं चॉकलेटी साडी नेसली (काळी तिला चालत नाही) आणि तोंडाला स्कार्फ बांधला. मी टोपी, मास्क आणि काळा चष्मा. डब्यातले लोक आमच्यापासून सरकून बसले, म्हणून प्रवास ऐसपैस झाला.

भर दुपारी अर्जुनीला उतरलो. अंधार कुठंच नव्हता. वैशालीच्या घराची खूण एवढीच माहीत होती की शाळेच्या मागच्या गल्लीत, निळं फाटक. गल्लीच्या तोंडाशी पानठेला. मी मास्क खाली ओढला आणि रुबाबात सांगितलं, "एक खर्रा घोटून द्या."

(मी खर्रा खात नाही. पण आता मागितला तर खावा लागला. मुंग्या आल्या, कान गरम झाले, समोरच्या एका माणसाचे दोन दिसायला लागले.)

"इथं त्या गणिताच्या मॅडम राहतात ना," मी सहज विचारलं. "कशा आहेत?"

त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "कोन पाहिजे तुमाले?"

आईनं मला मागं ओढलं. "कोनीच नाही जी. आमी धान पाहाले आलो."

"कोनतं धान?"

आई बोलणार, तेवढ्यात मी बोललो. "चांगलं. पांढरं."

धानाच्या मुलखात, धान उत्पादकाचा मुलगा, भर चौकात म्हणाला की धान पांढरं! (पांढरा असतो तो आतला तांदूळ, सालासकट धान सोनेरी.) पानठेलेवाल्याचा घोटणारा हात थांबला. आईनं कपाळावर हात मारला. त्यानं हळूच फोन उचलला आणि आमच्याकडं पाठ करून बोलायला लागला, पण आवाज काही हळू नव्हता. "लवकर या रे. वावरातल्या मोटरीचे वायर चोरून राहिले ना, ते असतीन. दोघं हायेत. तोंड बांधलेले. संगं बाई हाय. धान पांढरं रायते म्हनते!"

"पळ!" आई म्हणाली.

गेममधले पहारेकरी 'वारा असेल' म्हणून परत जातात. अर्जुनीचे जात नाहीत! ते पुढून आले, मागून आले, एक तर छपरावरून बघत होता. आम्ही एका गल्लीत शिरलो, दुसऱ्या गल्लीतून निघालो. एक बुटकी भिंत दिसली ती ओलांडून कोणाच्या तरी घरामागच्या वाडीत पडलो. वाडीत एक म्हैस आणि तणसीचा मोठा ढीग. धान चुरून उरलेला तो पेंढा असा टोचतो की विचारू नका.

"शीर आत!" आई म्हणाली, आणि माझ्या आधी तीच शिरली.

"आई, तुझी चप्पल बाहेर दिसून राहिली."

"तू पाय आत घे आधी. श्वास हळू सोड."

"आई, आपण उठून सरळ सांगू या ना."

"काय सांगशीन? नवरदेव हाव म्हनून?"

बाहेर काठ्यांचे आवाज. म्हैस निवांतपणे आमच्यावरची तणीस खायला लागली, म्हणजे आमचं छप्परच जेवायला लागली. आणि नेमकी त्याच वेळी त्या मेल्या खर्र्यानं मला उचकी लावली! एक दाबली. दुसरी दाबली. तिसरी ढिगाबाहेर पोचली.

"बाबा," एक मुलीचा आवाज आला, "ढिगाले उचकी लागली वाटते."

माझे पाय कोणीतरी धरले आणि मी घसरत घसरत उजेडात आलो. समोर पांढऱ्या मिशांचे एक काका काठी उगारून उभे, मागं सगळी गल्ली. मी डोळे मिटले. तेवढ्यात ढीग फुटला आणि आई उठून उभी राहिली. स्कार्फ सुटलेला, केसांत तणीस, एका पायात चप्पल.

"हात लावून पाहा माह्या पोराले!"

काका दोन पावलं मागं सरकले. मग त्या मुलीला असं हसू आलं की ती गोठ्याच्या खांबाला धरून उभी राहिली. मी चष्मा पुसून पाहिलं. फोटोतलीच! आम्ही अख्खं गाव पालथं घालून तिच्याच वाडीत येऊन पडलो होतो. निळं फाटक पुढच्या बाजूला होतं.

"बाबा, काठी खाली घ्या. हे कुडव्याचे. पुढच्या रविवारचे पाहुणे."

"हे?" काकांनी मला नीट पाहून घेतलं. "आठ दिस आधी? आनं तणसीतून?"

लाज काय असते ते मला त्या दिवशी कळलं. गल्ली हसत हसत पांगली, आम्हाला घरात नेलं, पाणी दिलं, चहा दिला. आता संपलंच, हे मला कळून चुकलं होतं. पोरीच्या घरी चौकशीला चोरून आलेला मुलगा, तोंडात खर्रा, कानात तणीस! पण आईचा संशय अजून गेला नव्हता. तिनं कप खाली ठेवला.

"मले एकच सांगा. तुमी आमची चौकशी काऊन नाही केली?"

"केली ना काकू," वैशाली म्हणाली. "यायचे, तुमच्या पोराचे, सारे व्हिडिओ पाहिले मी. खेळ कमी, मागून तुमीच जास्त ऐकू येता. तुमी भाजीवाल्याले वापस बोलावून मेथीची जुडी बदलून घेतली, ते ऐकलं. यायले ताप होता तवा रागवून रागवून काढा पाजला, ते ऐकलं. हे तुमच्यावर चिडले आनं मग चूपचाप उठून दळन घेऊन आले, ते बी ऐकलं. पानठेलेवाला एवढं सांगते का?"

आईनं खाली ठेवलेला कप परत उचलला. मी तर मनातल्या मनात सगळे व्हिडिओ आठवत होतो आणि प्रत्येकात मी आणखी काय काय बोललो असेन या विचारानं घाम पुसत होतो.

काकांनी घसा साफ केला. "आता आलेच हायेत तं पुढच्या रविवारी अजून कायले पाहाचं? आजच विचारून घेतो. बोल पोरी. पसंत हाय का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. सावकाश पाहिलं, गणिताची मास्तरीणच ती. मी सरळ बसायचा प्रयत्न केला आणि माझ्या शर्टातून मूठभर तणीस त्यांच्या सतरंजीवर पडली. मग तिनं आईकडं पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम खुलला.

"सासू पसंत हाय, बाबा," ती म्हणाली. "त्यायच्या संगं हे बी येत असतीन, तं येऊ द्या."

तर असं माझं लग्न जमलं. साबणाच्या वडीवर फुकट मिळणाऱ्या डबीसारखं जमलं, पण जमलं!