अर्ध्या मैदानाचे भाऊजी

जगात एकट्यानं करण्यासारखं काहीही नाही, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा धाकटा दीर निघाला. भाऊजी एकटे चहा पिणार नाहीत, एकटे बाजारात जाणार नाहीत, आणि दाढ दुखायला लागली तर "तुमची बी एखादी दाखवून घ्या की, वैनी" म्हणत मलाही दवाखान्यात ओढून नेणार. याला स्वभावाचा दोष म्हणावं, तर तोच त्यांचा व्यवसाय आहे. भाऊजी टेनिस खेळतात, पोटापाण्यासाठी खेळतात, आणि फक्त दुहेरी खेळतात. एकेरीचं नाव काढलं की त्यांचा चेहरा असा उतरतो, जणू रिकाम्या घरात कुणीतरी त्यांना एकट्यालाच पान वाढलंय.

याचं मूळ परभणीतच आहे. माझे सासरे कचेरीत कारकून होते आणि साहेबलोकांच्या क्लबात मातीचं एक टेनिसचं मैदान होतं. साहेबांची पोटं सुटलेली, त्यामुळे अख्खं मैदान एकट्याला झेपेल असा एकही साहेब त्या काळी परभणीत बदलून आला नाही. चौघं मिळून खेळायचे, आणि चौथे दौऱ्यावर गेले की चेंडू वेचायला आलेल्या भाऊजींच्या हातात रॅकेट द्यायचे. "तू तुझं अर्धं सांभाळ, बाकीचं मी बघतो," असं साहेब म्हणायचे आणि मग खरोखर नुसतं बघायचे. अशा रीतीनं भाऊजी स्वतःचं अर्धं आणि साहेबाचं पाऊण सांभाळायला शिकले. पुढे कुणीतरी त्यांना अख्खं मैदान दिलं, तेव्हा ते आपल्या अर्ध्यात उभे राहून उरलेल्या अर्ध्याकडं पाहुण्यासाठी जागा धरल्यासारखे बघत राहिले म्हणे. ती सवय अजून आहे. आमच्या घराच्या दारातही ते चौकटीच्या डाव्या अंगाला खेटून उभे राहतात. उजवी बाजू मोकळी.

बोरीला आमचं शेत आहे. भाऊजी परदेशातून आले की तिथं एक चक्कर ठरलेली, आणि पारावर बसलेल्यांचा प्रश्नही ठरलेला, "दुसरा कोन हाय संगं?" भाऊजी कुठं खेळले, जिंकले की हरले, याच्याशी बोरीला देणंघेणं नाही. एका म्हाताऱ्यानं तर मुद्द्यालाच हात घातला.

"कप एक आन तुमी दोघं. मंग कप ऱ्हातो कुनाकडं?"

"सहा म्हैने त्यांच्याकडं, सहा म्हैने आपल्याकडं," भाऊजी म्हणाले, आणि हे अक्षरशः खरं होतं. त्यांचा जोडीदार तमिळ मुलखातला. त्याच्या आईकडून कप यायचा तेव्हा त्याला फिल्टर कॉफीचा वास असायचा, आणि आमच्याकडून जायचा तेव्हा काळ्या मसाल्याचा. एकदा मुदत संपली तरी सासूबाई कप सोडेनात, कारण त्यात नुकताच लसूण भरला होता.

हा जोडीदार मिळवताना मात्र आमच्या घरी स्थळ बघण्याइतका घोळ झाला होता. दुहेरीत एकट्याच्या हुशारीला किंमत नसते, स्पर्धेत शिरायला दोघांचे क्रमांक मिळून बेरीज जमावी लागते. क्रमांक जमल्याचं ऐकून सासूबाईंना पत्रिका जुळल्यासारखं वाटलं आणि त्यांनी पुढची चौकशी सुरू केली. उंची किती, घरची माणसं कशी, रागीट तर न्हाई? तो डावरा आहे हे कळल्यावर त्या थबकल्या. "मंग जेवताना कोपराला कोपर लागंल की रे!"

"आई, त्याच्यासंगं खेळायचंय. पंगतीला न्हाई बसायचं."

पण तो घरी आला, तेव्हा न सांगता पंगतीच्या डाव्या टोकाला जाऊन बसला आणि ठेचा खाऊन डोळ्यांत पाणी आलं तरी हसत राहिला. "पोरगं समजदार हाय," असा निकाल सासूबाईंनी तिथल्या तिथं दिला. त्याला मराठी येत नव्हतं, भाऊजींना त्याची भाषा येत नव्हती, आणि तरी दोघं तासन्‌तास गप्पा मारायचे. त्या दिवसापासून तो आमच्या घरात नुसता 'जोडीदार' झाला.

दुहेरीवाल्या माणसाबरोबर एका घरात राहणं सोपं नाही. मैदानावर चेंडू कुणी घ्यायचा हे ओरडून सांगायचं असतं, आणि भाऊजींनी तो नियम माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आणला. दूध उतू जायला लागलं की शेजारी उभे असलेले भाऊजी "वैनी, तुमचं!" असं ओरडून निवांत बाजूला सरकतात. उलट माझ्या हातून पेला सुटला, तर अंगणातून "माझा!" अशी आरोळी ठोकत आत झेपावतात. पेला वाचतो, पण वाटेतली पाण्याची घागर आडवी होते. दोघांच्या मधून जाणारा चेंडू हे त्यांचं खास तत्त्वज्ञान. एकदा विजेचं बिल भाऊजी भरतील असं ह्यांना वाटलं आणि हे भरतील असं भाऊजींना, आणि ऐन उन्हाळ्यात आमचे पंखे थांबले. अंधारात भाऊजींचा आवाज आला, "दादा, मधला चेंडू व्हता. मधल्या चेंडूला दोष कुनाचाच नसतो." त्यावर हे जे बोलले ते मी इथं लिहीत नाही.

दुसरी सवय खुणांची. सर्व्हिस पडायच्या आधी जाळ्यापाशी उभा असलेला खेळाडू पाठीमागं हात नेऊन जोडीदाराला खूण करतो. मूठ म्हणजे मी जागेवरच थांबणार, उघडा पंजा म्हणजे मी निघालो. सासूबाईंनी ही भाषा चटकन उचलली. लग्नाकार्यात त्या नातेवाइकांशी गोड बोलत असायच्या आणि पाठीमागं पंजा उघडलेला असायचा, की आम्ही चपला शोधायला लागायचो. पिंगळीला भाऊजींसाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हाही मायलेकांचं ठरलेलं होतं. मुलगी आवडली तर मूठ. भाऊजींनी मूठ केली, आम्ही हरखलो, तेवढ्यात मागं बसलेल्या मुलीच्या आत्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "पाव्हनं, मुठीत काय लपवलंव? लाडू आवडला आसंल तर मागून घ्या की!" भाऊजींनी दचकून मूठ उघडली. पंजा बघून सासूबाई लगेच उठल्या, आणि ते स्थळ तिथंच संपलं.

पण त्यांची सगळ्यात लाडकी सवय टाळीची. दुहेरीत प्रत्येक गुणानंतर दोघं तळहाताला तळहात लावतात. जिंकल्यावर लावतातच, पण हरल्यावर आधी. "ज्याचं चुकलं त्याच्याकडं दुसऱ्यानं आधी जायचं, वैनी. तो खाली मान घालून येईस्तोवर थांबायचं न्हाई." माझी भाकरी करपली की भाऊजी ताटावरून उठून तळहात पुढं करायचे. भाजीवाल्यानं भाव कमी केला नाही की त्यालाही टाळी. मी शिकवते त्या शाळेत माझी वरची जागा हुकली, त्या दिवशी घरात सगळे सांत्वनाचे शब्द शोधत होते. भाऊजींनी फक्त हात पुढं केला, आणि मला पहिल्यांदा रडायला आलं.

भाऊजींचं आयुष्यात एकच मागणं होतं. परदेशातली गवतावरची ती मोठी स्पर्धा. लहानपणी एका साहेबाच्या घरी टीव्हीवर ते हिरवं मैदान बघितलं, तेव्हापासून तिथं एकदा उभं राहायचं हा ध्यास. सासूबाईंनीही सांगून ठेवलं होतं, "येताना चिमूटभर गवत आन. बोरीच्या म्हशीला दावू." वर्षानुवर्षं बेरीज थोडक्यात हुकत आली. शेवटी जमेल असं वाटत होतं, तेव्हा जोडीदाराचा खांदा गेला. त्याचा क्रमांक घसरला आणि बेरीज पुन्हा फिसकटली.

त्या उन्हाळ्यात भाऊजी घरीच होते. एका सकाळी आम्ही शेवया वाळत घालत होतो आणि त्यांचा फोन वाजला. पलीकडं एक मोठा परदेशी खेळाडू होता. त्याच्या साथीदाराचा पाय मोडला होता आणि त्याला उजव्या हाताचा, जाळ्यापाशी खेळणारा माणूस हवा होता. त्याच्यासोबत नाव दिलं तर प्रवेश नक्की. भाऊजींनी आम्हाला हे फोनवर हात ठेवून सांगितलं आणि आमच्याकडं पाठ करून परत बोलायला लागले. सासूबाईंनी हातातल्या शेवया तशाच धरल्या. भाऊजी नुसतं "येस, येस" म्हणत होते. मग त्यांचा डावा हात हळूहळू पाठीमागं आला. आम्ही दोघी त्या हाताकडं बघत होतो.

मूठ होती. घट्ट मिटलेली. त्यानंतर मग ते तोंडानं "सॉरी" म्हणाले.

"आरं, पन गवत!" सासूबाई एवढंच बोलल्या.

"आई, माझ्या डोक्यावरून गेलेले सगळे उंच चेंडू इतकी वर्सं त्यानंच मारले. खांदा त्याचा गेला, पन चेंडू माझे व्हते. आन ह्याच म्हैन्यात त्याला सोडलं तर तो परत रॅकेट धरनार न्हाई."

सासूबाईंना हे पटलं नाही. "जोडीदारानं बी जा म्हनलं असतं," असं त्या मला म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. म्हणूनच भाऊजींनी त्याला विचारलं नव्हतं. मलाही राग आला होता. इतक्या वर्षांची तपश्चर्या हा माणूस शेवयांच्या खाटेशेजारी उभं राहून सोडून देतो, याला काय म्हणावं? सासूबाईंनी तर त्यांच्याशी बोलणंच टाकलं. वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत.

सामन्याच्या दिवशी ह्यांनी तो टीव्हीवर लावला. लावावा की नाही यावर दुपारभर कुजबुज झाली होती. त्या परदेशी खेळाडूशेजारी, भाऊजी जिथं उभे असते तिथं, भलताच कुणीतरी उभा होता. "गवत लय बरं हाय," सासूबाई कुणाकडंही न बघता म्हणाल्या. थोड्या वेळानं त्या माणसाचा अगदी सोपा चेंडू जाळ्यात गेला, आणि सवयीनं भाऊजींचा तळहात पुढं झाला. समोर कुणीच नव्हतं. हात तसाच हवेत राहिला. सासूबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या, दोन पावलं चालून गेल्या आणि त्यांनी आपला सुरकुतलेला तळहात भाऊजींच्या तळहाताला लावला.

"तुझाच नेम हाय ना," त्या म्हणाल्या, "दुसऱ्यानं आधी जायचं."

स्वयंपाकघरात मी त्यांना हळूच विचारलं, "आई, चुकलं कुणाचं मग?"

"मधला चेंडू व्हता गं पोरी," त्या म्हणाल्या आणि कुकरकडं वळल्या.

जोडीदाराचा खांदा काही पूर्ण बरा झाला नाही. पण त्यानं रॅकेट सोडलं नाही, तो आता आपल्या गावी मुलांना शिकवतो. भाऊजी मिळेल त्याच्यासोबत लहानसहान स्पर्धा खेळतात. कपांची देवाणघेवाण बंद झाली, शेवटचा कप लसणासकट आमच्याकडंच राहिला. रविवारी संध्याकाळी जोडीदाराचा फोन येतो. भाऊजी दारात जाऊन बोलतात, नेहमीसारखे डाव्या अंगाला खेटून, उजवी बाजू मोकळी ठेवून. पूर्वी मी तिथून खुशाल भांडी घेऊन अंगणात जायची. आता फोन संपेपर्यंत आतच थांबते. त्या मोकळ्या जागेतून जायचं माझ्या जिवावर येतं.